बर्फातली सीट

"माल हातात आला की पयला बर्फात घाल, शांती. मंग भाव बघ, मंग गिऱ्हाईक बघ. बर्फातला माल तुझा. उघडा पडलेला माल माशीचा."

सासू मालूबाय जाऊन अकरा वर्षं झाली, तरी तिचे हे शब्द शांतीच्या कानात जसेच्या तसे होते. नवी सून म्हणून करंजाच्या बंदरावर ती पहिल्यांदा उभी राहिली, त्या दिवशी सासूने तिला बाकी काही शिकवलं नाही, फक्त बर्फ शिकवला. खाली किती घालायचा, वर किती पसरायचा, कोलंबीला बारीक का फोडायचा, सुटलेलं पाणी कधी काढायचं. पुढे बंदरावरच्या बायका शांतीला बोलावून विचारू लागल्या, इतका तिचा हात बसला. आता सगळे फ्रीझ म्हणतात. माल फ्रीझला टाकला, म्हणजे घाई संपली. आज भाव पडला तर उद्या विकू, उद्या बरं गिऱ्हाईक आलं तर त्याला देऊ. टिकलेला माल आपल्याला वेळ मिळवून देतो, हे शांतीला जेवढं ठाऊक होतं तेवढं क्वचितच कुणाला असेल.

तिची मुलगी रोशनी. एकुलती एक, बापाच्या उंचीची आणि आजीच्या जिभेची. सातवीत असताना तिने बापाच्या बोटीवरचं बंद पडलेलं मासे शोधायचं यंत्र खोलून पुन्हा जोडलं होतं. ते चालू काही झालं नाही, पण पाण्याखालचं ते पडद्यावर कसं दिसतं हे तिने बापाला समजावून सांगितलं, आणि बुधाजीने ते बंदरभर सांगितलं. तेव्हापासून पोरीच्या डोक्यात एकच. इलेक्ट्रॉनिक्स शिकायचं, आणि मुंबईच्या सरकारी कॉलेजातच शिकायचं.

दहावीनंतर शांतीने तिच्यासाठी कामोठ्यात खोली घेतली. जुन्या गावठाणाच्या कडेला, तीन मजली इमारतीत तळमजल्यावर. शेजारीच क्लास, कोपऱ्यावर रिक्षा. शांती स्वतः खांदा कॉलनीच्या बाजारात मासळी घेऊन बसू लागली. बुधाजीला हे पटलेलं नव्हतं. उरणला कॉलेज नाय काय, असं त्याचं म्हणणं. शेवटी त्याने हात झटकले ते एक अट घालून. पोरीचं नाव मुंबईच्या कॉलेजात लागलं तर तो बंदरावर प्रत्येकाच्या हातावर पेढा ठेवील. नाही लागलं, तर शांतीने खोली सोडून मुकाट्याने करंजाला यायचं आणि पुन्हा त्याच्या सांगण्याबाहेर जायचं नाही. शांती हो म्हणाली. तिला पोरीची खात्री होती.

पोरीने खात्री खरी केली. बारावीला चांगले मार्क, आणि प्रवेश परीक्षेत गेल्या वर्षी त्या सरकारी कॉलेजात जिथे यादी थांबली होती त्याच्याही अर्धा पॉइंट वर. रोशनीने वहीत कॉलेजांची उतरंड लिहून काढली. कुठली शाखा कितीला बंद झाली, दुसऱ्या फेरीत किती खाली आली, तिसरीत किती. संध्याकाळी शांती मासळीची पाटी धूत असली की ती उंबऱ्यात बसून हे सगळं वाचून दाखवायची. शांतीला आकडे कळत नसत. पोरीचा आवाज कळे.

शांतीने सोळा सोमवार धरले होते. पोथी वाचायला तिला जमत नसे, चौथीनंतर अक्षरांशी तिचा फारसा संबंध राहिला नव्हता. ती नुसतं पाणी पिऊन राही, बाजारात बसे, आणि संध्याकाळी गावातल्या शंकराच्या देवळात बेलाचं पान वाहून येई. मागणं एकच. हाती आलेलं जाऊ देऊ नकोस.

पहिल्या फेरीची यादी जुलैच्या शेवटी लागली. रोशनीला पाचव्या पसंतीचं कॉलेज मिळालं. पनवेलच्या पलीकडे डोंगराच्या पायथ्याला, खाजगी, आणि शाखा सिव्हिल. शांतीचा चेहरा उतरला, पण रोशनी हसली. पहिल्या फेरीत सगळे मोठे मार्कवाले सगळ्या जागा अडवून बसतात, मग ते दुसरीकडे जातात आणि यादी खाली येते, असं तिने आईला सांगितलं. ही जागा फक्त हातात ठेवायची, आणि दुसऱ्या फेरीत वरची बघायची. दुसऱ्या फेरीत आपलं काम नक्की.

त्याच संध्याकाळी तिला थंडी वाजून ताप भरला. दोन दिवसांत रक्ताचा रिपोर्ट आला, डेंगी. कामोठ्यातल्याच दवाखान्यात तिला ठेवून घेतलं. हाताला सलाईन, डोळे उघडले की डोकं फुटतंय म्हणायची. फोनच्या पडद्याकडे बघवत नव्हतं. जागा हातात ठेवतो असं कळवायची शेवटची तारीख सोमवार होती.

सोमवारी सकाळी रोशनीने आईला उशाशी बसवलं. वहीच्या कागदावर लॉगिन आणि पासवर्ड होता, ओटीपी शांतीच्याच फोनवर येणार होता. दयारामकाकांच्या सायबरमध्ये जा, ते करून देतील, एवढं सांगून तिने डोळे मिटले. मग तिला काय वाटलं कुणास ठाऊक, पुन्हा उघडले. आईला इंग्रजी शब्द सांगून तिचा गोंधळ नको, म्हणून तिने आईच्याच भाषेत समजावलं.

"मासळीसारखं समज, आई. ही टिकवून ठेवायची हाय. इकायची नाय अजून. उद्या बरं गिऱ्हाईक येणार हाय."

"कळलं," शांती म्हणाली. आणि तिला खरोखर कळलं होतं. दोन वर्षांत पोरीच्या अभ्यासातलं पहिल्यांदाच काहीतरी तिला मुळापासून कळलं होतं.

दयारामचं दुकान खांदा कॉलनीत शांतीच्या बाजारापासून चार पावलांवर. झेरॉक्स, पॅन कार्ड, विजेचं बिल आणि हल्ली दिवसभर ॲडमिशनचे फॉर्म. दयाराम शांतीकडून दर बुधवारी बोंबील न्यायचा. माणूस सरळ. त्याने रांगेतल्या दोघांना थांबवून तिला खुर्ची दिली, पोरीच्या तब्येतीची चौकशी केली, कागद बघून लॉगिन केलं. मग पडद्याकडे बोट दाखवून म्हणाला, "ताई, इथे दोन पर्याय आहेत. फ्रीझ करायची, की बेटरमेंटला जायचं?"

शांती पुढे सरकली. "ते दुसरं काय?"

"बेटरमेंट म्हणजे ही आवडली नाही, याच्यापेक्षा चांगली द्या."

आवडली नाही असं हाती आलेल्या मालाला कधी म्हणू नये, हे शांतीच्या हाडात होतं. सोमवार, उपास, आणि नको कशाला म्हणायचं. "नाय नाय," ती म्हणाली, "ही नको असं नाय. ही ठेवायची हाय."

"मग फ्रीझ."

"फ्रीझ म्हंजे टिकल ना?"

"पक्की टिकेल. कुणी हलवू शकणार नाही."

"मंग फ्रीझच करा," शांती म्हणाली. तिला बरं वाटलं. इतक्या परक्या पडद्यावर एक तरी शब्द ओळखीचा निघाला होता.

दयारामने चष्मा वर करून पुन्हा एकदा विचारलं, नक्की ना. ती नक्की म्हणाली. फोनवर ओटीपी आला, तिने आकडे एकेक करून वाचून दाखवले, एकही चुकला नाही. पावती निघाली. ती तिने पदराने पुसून पिशवीत ठेवली, वाटेत देवळात बेलाचं पान वाहिलं आणि दवाखान्यात जाऊन पोरीच्या कपाळावर हात ठेवून सांगितलं, झालं. रोशनी डोळे न उघडता बरं म्हणाली.

गुरुवारी तिला घरी सोडलं. शुक्रवारी सकाळी ती भिंतीला टेकून मऊ भात खात होती, तेव्हा शांतीचा फोन वाजला. डोंगराच्या पायथ्याच्या कॉलेजातून होता. कागदपत्रं घेऊन लवकर या, उद्यापर्यंतच घेतोय, असं कोणी बाई सांगत होती. शांतीने कौतुकाने फोन पोरीकडे दिला, बघ, स्वतःहून बोलावतायत. रोशनी म्हणाली, आम्ही दुसऱ्या फेरीला जातोय मॅडम, आम्हाला आत्ता यायची गरज नाही. पलीकडून काहीतरी उत्तर आलं. रोशनीने ते पुन्हा विचारलं. मग फोन ठेवला, आपल्या फोनवर प्रवेशाचं पान उघडलं आणि तिथली नोंद दोनदा वाचली. ताटली मांडीवरच होती.

"आई, दयारामकाकांनी काय विचारलं तुला?"

शांतीने सांगितलं. शब्दन् शब्द सांगितला, कारण तिला तो अभिमानाने पाठ होता. बोलता बोलता पोरीचा चेहरा बघून तिचा आवाज बारीक होत गेला.

रोशनी ओरडली नाही. फ्रीझ म्हणजे हीच घेतो, दुसरी बघणार नाही, असं लिहून देणं. एकदा तसं केलं की पुढच्या कुठल्याच फेरीत नाव नाही. टिकवायला ते दुसरंच बटण होतं, ज्याला तू नको म्हणालीस. एवढं तिने सपाट आवाजात सांगितलं, ताटली बाजूला ठेवली आणि भिंतीकडे तोंड करून झोपली.

शांतीला प्रथम हे खरंच वाटलं नाही. असं उलटं कसं असेल? जे टिकवतं त्यालाच बंद करणं कसं म्हणतील? ती उन्हातान्हाची दयारामकडे गेली. दयारामने ऐकलं आणि कपाळावर हात मारून घेतला. "ताई, मी दोनदा विचारलं ना हो तुम्हाला." विचारलं होतं. त्यात खोटं काही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दोघी पनवेलला प्रवेशाच्या सुविधा केंद्रात गेल्या. रोशनीला चालताना घेरी येत होती, तरी आली. तिथल्या बाई वाईट नव्हत्या. त्यांनी दोघींना पंख्याखाली बसवलं, पाणी दिलं, नोंद काढून बघितली. नोंद स्वच्छ होती. सोमवार, दुपारी बारा वाजून दहा मिनिटं, ओटीपी बरोबर. चूक झाली असेल तर मुदतीच्या आत सांगायला हवं होतं, आता आमच्याही हातात नाही, असं त्या म्हणाल्या. शांतीने हात जोडले. पोर दवाखान्यात होती, मी अडाणी, माझा उपास होता, असं ती काहीबाही बोलत राहिली. बाई ऐकत होत्या. शेवटी त्यांनी रोशनीकडे वळून सांगितलं की दोनच वाटा आहेत. ही जागा घ्यायची, नाहीतर सोडून एक वर्ष घरी बसायचं आणि पुन्हा परीक्षा द्यायची.

वाटेत शांतीने विचारलं, वर्ष थांबूया का. रोशनी म्हणाली, "आनि बाबा थांबतील?" वर्ष थांबलं तर खोली सुटणार, करंजाला जावं लागणार, आणि तिथे गेलेल्या पोरी परत कॉलेजात किती जातात हे दोघींना ठाऊक होतं. दुपारी रोशनीने एकटीनेच जाऊन त्या कॉलेजात कागद दिले.

त्या सोमवारी शांतीने बेलाचं पान वाहिलं नाही. देवळाच्या पायरीवर बसून राहिली. हाती आलेलं जाऊ देऊ नकोस, असं तिनेच मागितलं होतं, दहा सोमवार, पाणी पिऊन. देवाने अक्षराला अक्षर दिलं होतं. आता तक्रार कुणाकडे करायची?

दुसऱ्या फेरीची यादी लागली तेव्हा सरकारी कॉलेजातलं इलेक्ट्रॉनिक्स रोशनीच्या मार्कांच्याही खाली बंद झालं. ज्यांची नावं लागली त्यात वरच्या मजल्यावरची पूर्वी होती. रोशनीच्याच क्लासातली, रोशनीपेक्षा कमी मार्कांची. संध्याकाळी पूर्वीची आई प्राजक्ताताई पेढ्यांचा डबा घेऊन खाली आल्या. त्या स्वतः क्लासमध्ये शिकवत, बोलणं गोड आणि टोकदार.

"घ्या हो शांतीताई. उपास असेल तर उद्या खा. आमच्या पूर्वीचं झालं एकदाचं. रोशनीचं ऐकलं मी, थोडक्यात हुकलं म्हणे. मार्क कमी पडले का?"

शांतीच्या हातात पेढा होता. आतल्या खाटेवर रोशनी वही घेऊन बसली होती. एका क्षणात शांतीच्या डोळ्यांपुढे सगळं आलं, प्राजक्ताताईंचे उंचावलेले डोळे, इमारतभर झालेलं हसू, कोळणीने बर्फ समजून पोरीचं वर्ष गोठवलं.

"हो," ती म्हणाली, "थोडे कमीच पडले."

आत वही मिटल्याचा आवाज आला.

बुधाजीलाही तिने खरं सांगितलं नव्हतं. पावसाळ्याची बंदी संपून मासेमारी उघडल्याला आठवडा झाला होता, तो बोटीच्या पहिल्या खेपेहून परतला तेव्हा फोनवर बोलणं झालं. नंबर लागला नाय वरच्या कॉलेजात, एवढंच ती म्हणाली. का नाही लागला, हे त्याने विचारलं नाही. त्याचं त्याने ठरवून घेतलं आणि जेट्टीवर मासळीच्या लिलावाला उभं राहून सांगितलंसुद्धा, आमची पोर कमी पडली. नारळी पौर्णिमेनंतर तो कामोठ्याला आला तो हलवा माशाचा मोठा तुकडा घेऊन. जेवताना चांगला बोलत होता. हात धुतल्यावर त्याला कंठ फुटला.

"एवढी खोली, एवढा क्लास, दोन वरसं बायको इकडं. आनि मिळालं काय, तर डोंगराखालचं. यापेक्षा उरण काय वाईट होतं? यंत्र खोलून जोडलं म्हंजे इंजिनेर होत नाय गो. डोकं लागतं."

शांती भांडी उचलत होती. तिने पोरीकडे बघितलं. रोशनीला एक शब्द बोलायचा अवकाश होता. ती बापाकडे बघत होती, मग तिने आईकडे बघितलं, आणि मान खाली घातली. "हां बाबा," म्हणाली. बुधाजीने अटीची आठवण दिली, कॉलेज लागलंय तर दिवाळीपर्यंत खोलीचं बघू असं सांगितलं आणि रात्रीचा मुक्काम न करता बंदरावर परत गेला.

तो गेल्यावर रोशनीने दार लावलं आणि आईसमोर बसली. आवाज चढवला नाही, ते शांतीला जास्त जड गेलं.

"तू त्यांना असं का सांगितलंस?"

शांतीने खरं ते सांगितलं. बंदरावर माझं एकच नाव हाय, ती म्हणाली, बर्फ म्हटला की शांती. ह्या बर्फावरूनच पोरीचं नुकसान झालं हे कळलं तर हसतील सगळे. तुझा बाप तर वरसभर हसंल.

"आनि मला हसले तर चालतं?"

शांती खाली सांडलेली भाताची शितं वेचू लागली.

"सीट गेली ती गेली," रोशनी म्हणाली. "ती तू मुद्दाम नाय घालवलीस. मासळीचं उदाहरण मीच दिलं, ताप होता तरी मला कळायला पायजे होतं. त्याचा मी राग नाय धरत, धरला तरी जाईल कधीतरी. पण माझे मार्क खरे होते, आई. ते माझे होते. ते तरी मला परत दे."

"कसे देऊ?"

"जिथं जिथं मी कमी पडले असं झालंय, तिथं तिथं जाऊन सांग. वरच्या काकूंना सांग. बाबांना सांग, त्यांनी ज्यांच्यासमोर सांगितलं त्यांच्यासमोर सांग. मी पुन्हा इचारणार नाय. सांगितलंस का, तेपण इचारणार नाय."

शांतीने पोरीच्या डोक्यावर हात ठेवून शब्द दिला.

रोशनीने खरोखर पुन्हा विचारलं नाही. कॉलेज सुरू झालं. ती सकाळी सातला निघायची, डोंगराखालच्या रस्त्यावर बसमधून उतरून पंधरा मिनिटं चालायची, संध्याकाळी येऊन जेवायची आणि झोपायची. घरात गरजेपुरतं बोलणं. वहीतली कॉलेजांची उतरंड तिने फाडली नाही, नुसती उलटी करून मागच्या कोऱ्या पानांवर सर्व्हेइंगचं लिहायला घेतलं.

दोनदा ती जिन्यापर्यंत जाऊन परतली. तिसऱ्यांदा वर गेली. प्राजक्ताताई पूर्वीची हॉस्टेलची बॅग भरत होत्या. शांतीने उंबऱ्यातच उभं राहून सांगून टाकलं, की त्या दिवशी आपण खोटं बोललो, रोशनीचे मार्क पूर्वीपेक्षा जास्त होते, फ्रीझचं बटण आपणच दाबायला लावलं, नाहीतर ती जागा रोशनीची होती.

प्राजक्ताताईंनी हातातला टॉवेल घडी करून बॅगेत ठेवला. मग शांतीचा हात हातात घेतला, मऊपणे.

"शांतीताई, समजतं मला. आई आहात, मुलीचं झाकणारच. मीही असंच म्हटलं असतं. पण असं म्हणून मुलीला काही फायदा नाही हो, तिला जे आहे ते स्वीकारू दे. आणि आज शुभ दिवस आहे, आमच्या मुलीची जागा दुसऱ्याची होती असं बोलू नका."

शांती खाली आली. खोटं त्यांनी एका वाक्यात घेतलं होतं, पेढ्याबरोबर. खरं मात्र त्यांच्या दारात टिकलं नाही. महिनाभर उशीर झाला की खऱ्याचं तोंडदेखील सबबीसारखं दिसतं, हे तिला जिन्यावरच कळलं. रोशनीला तिने यातलं काही सांगितलं नाही. पोर विचारणार नव्हती, आणि ही सांगण्याजोगी गोष्ट नव्हती.

पण तिथे एक गोष्ट तिच्या ध्यानात आली. उंबऱ्यात एकटीने, हळू आवाजात सांगितलेलं कुणी धरत नाही. बुधाजीने हे लिलावात सांगितलं होतं, पन्नास माणसांत, मोठ्याने. तिला फोनवर नवऱ्याला सांगता आलं असतं. तो हसला असता, वर्षभर टोचून बोलला असता, आणि बंदरावर गप्प राहिला असता. मग पोरीचे मार्क करंजात कमीच राहिले असते, कायमचे. सांगायचं तर तिथेच, जिथे तिला बर्फाचं विचारायला बायका यायच्या, त्या सगळ्या समोर असताना. त्यातल्या काही हसतील, काही हेही म्हणतील की पोरीसाठी आई खोटं बोलते. ते तिला दिसत होतंच.

बुधाजीची बोट सोमवारी दुपारी लागायची होती. चारला लिलाव. शांतीचा हा शेवटचा, सोळावा सोमवार होता, उद्यापन करायचं तर ब्राह्मण, जेवण, सगळं सांगून ठेवायला हवं होतं. तिने कुणालाच काही सांगितलं नव्हतं. बाजारात शेजारी बसणाऱ्या चिंधीला तिने फोन करून कळवलं की आज मासळीचा पाट मांडणार नाही, माझी जागा तू वापर. चिंधीने कारण विचारलं. गावाला जायचंय, शांती म्हणाली.

रोशनी सातला गेली. जाताना दारात तिने आईकडे बघितलं. शांतीने आंघोळ करून धुतलेलं लुगडं नेसलं होतं आणि कपाळाला कुंकू लावत होती, एरवी ही वेळ मासळी आणायची. रोशनीने काही विचारलं नाही. चप्पल घालताना थोडी रेंगाळली आणि मग निघून गेली.

शांतीने पोरीसाठी भात-आमटी झाकून ठेवली. पाण्याचा तांब्या पिऊन संपवला. दाराला कुलूप लावलं, किल्ली नेहमीच्या ठिकाणी मीटरच्या पेटीत ठेवली. जिन्यापाशी प्राजक्ताताई भेटल्या, आज बाजार नाही वाटतं, असं म्हणाल्या. शांती मानेनेच हो म्हणाली.

पनवेलच्या स्टँडवर करंजाच्या बाजूची, उरणची गाडी लागलेली होती. ती चढली, खिडकीशी बसली, पिशवी मांडीवर घेतली. कंडक्टर जवळ आला तसा तिने पदर सारखा केला आणि एक उरण म्हणून तिकीट मागितलं. लिलावाला अजून बराच वेळ होता. गाडी सुटली.